रात्री दारं धरायला जाताना ऊब सोबत कशी न्यायची? पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या गरम साधनांची सविस्तर माहिती

सास्तूर (ता. लोहारा) : दिवाळी सरली की तेरणाकाठच्या शिवारात गारठा वाढत जातो. शाळू, हरभरा, गहू आणि ऊस रानात उभा असतो आणि कृषीपंपाची थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने येते. एका आठवड्यात दिवसा आठ तास, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा तास, असा हा फेरा असतो. रात्रपाळीचा आठवडा आला की मध्यरात्री बॅटरी घेऊन रानात जाणं, मोटार चालू करणं, गार पाण्यात उभं राहून दारं मोडणं किंवा स्प्रिंकलरचे पाईप बदलणं, हे काम चुकत नाही.

अशा वेळी सगळ्यात आधी बोटं आखडतात. आखडलेल्या बोटांनी बॅटरीचं बटण दाबता येत नाही, खोऱ्याचा दांडा नीट धरता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे ओल्या आणि बधिर हाताने स्टार्टरची पेटी उघडावी लागते. त्यामुळे थंडीत हात गरम ठेवणं ही चैन नाही, जिवाच्या सुरक्षिततेची बाब आहे. बाजारात आणि मोबाईलवर आता हात शेकण्याची अनेक साधनं मिळतात. त्यातली काही कामाची आहेत, काही धोक्याची आहेत, आणि काहींचं काम घरातली स्टीलची बाटलीसुद्धा करते. कोणतं साधन कसं चालतं, कसं भरायचं आणि कुठं जपायचं, याची माहिती पुढे दिली आहे.

आपल्याकडे एवढा गारठा का लागतो?

हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेलं आणि ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असलं, की थंडीची लाट समजली जाते. पारा थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली आला तर सरासरी न पाहताही लाट जाहीर होते.

मात्र रानातल्या माणसाला लागणारी थंडी फक्त पाऱ्यावर ठरत नाही. तिची तीन कारणं आहेत.

- मोकळं आभाळ : हिवाळ्यात आभाळ निरभ्र असतं. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडून देते. ढगांचं पांघरूण नसल्याने ती परत येत नाही. म्हणून सगळ्यात जास्त गारठा पहाटे, दिवस उगवायच्या सुमारास असतो.
- सखल जागा : गार हवा जड असते. ती उतारानं वाहत ओढ्याच्या, नदीच्या काठी साचते. त्यामुळे माळावरच्या रानापेक्षा तेरणाकाठच्या मळईत जास्त काकडायला होतं.
- ओल आणि वारा : ओलं कापड अंगाची उष्णता कोरड्या कापडापेक्षा कितीतरी पटीने वेगात ओढून घेतं. त्यात वारा असला की अंगाभोवतीची ऊबदार हवा टिकतच नाही. पिकाला पाणी देणारा माणूस ओल आणि वारा या दोन्हीत एकाच वेळी उभा असतो.

हात का आखडतात?

थंडी लागली की शरीर आधी हृदय, फुप्फुसं, मेंदू या मुख्य अवयवांना सांभाळतं. हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिकडचा रक्तपुरवठा कमी होतो. बोटांच्या कातडीचं तापमान १५ अंशांच्या आसपास आलं की बारीक काम जमेनासं होतं. नट फिरवणं, वायर धरणं, मोबाईल चालवणं अवघड जातं. आणखी खाली गेलं की स्पर्शच कळेनासा होतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. हाताला ऊब द्यायची असेल तर आधी छाती, पोट आणि डोकं गरम ठेवायला हवं. धड गरम राहिलं की रक्तवाहिन्या पुन्हा मोकळ्या होतात आणि ऊब आपोआप बोटांपर्यंत पोहोचते. उघड्या डोक्याने आणि ओल्या पायाने उभं राहून हातात कितीही महागडं साधन धरलं तरी उपयोग थोडाच होतो. गरम साधन ही शेवटची जोड आहे. कानटोपी, मफलर, वारा अडवणारं जाकीट किंवा घोंगडी आणि पायात गमबूट हा पाया आहे. लोकरीची घोंगडी थोडी ओली झाली तरी बरीच ऊब धरते. सुती गोधडी किंवा वाकळ ओली झाली की उलट गार पडते.

ऊब सोबत नेण्याची रीत जुनीच

शेकोटी जागेवर राहते, माणूस मात्र कामाला फिरतो. म्हणून आग किंवा ऊब सोबत न्यायचा प्रयत्न जगभर झाला.

काश्मीरमध्ये ‘कांगडी’ आजही वापरतात. वेताच्या विणीत बसवलेलं मातीचं बोळकं, त्यात निखारे, आणि ते फेरन नावाच्या ढगळ अंगरख्याच्या आत धरायचं. पण तिचा तोटाही जुनाच माहीत आहे. १८६६ साली एल्मस्ली नावाच्या डॉक्टरने कांगडीमुळे मांडीवर आणि पोटावर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. एकाच जागी वर्षानुवर्षं शेक बसला की कातडीवर जाळीसारखे काळपट डाग पडतात आणि पुढे त्याच जागी रोग उद्भवू शकतो.

जपानमध्ये आधी तापवलेले दगड कापडात गुंडाळून छातीशी धरत. १९२३ साली निइची मातोबा यांनी तिथे ‘हक्किन काइरो’ ही खिशात मावणारी धातूची डबी आणली. ‘हक्किन’ म्हणजे प्लॅटिनम. या डबीत इंधन असतं, पण ज्वाला नसते. प्लॅटिनमच्या साहाय्याने इंधनाची वाफ ज्वालेशिवाय जळते, हे इंग्लंडचे शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८१७ सालीच दाखवून दिलं होतं. आज बाजारात मिळणाऱ्या इंधनाच्या ‘हँड वॉर्मर’ डब्या याच तत्त्वावर चालतात.

आपल्याकडेही तव्यावर तापवलेली वाळूची किंवा खड्या मिठाची पुरचुंडी, फडक्यात गुंडाळलेली गरम वीट, ही साधनं घरोघरी आहेत. बाळंतिणीला आणि दुखऱ्या गुडघ्याला शेक द्यायची तीच रीत खिशातही चालते.

कोणत्या साधनात किती ऊब?

एक लिटर गरम पाणी ६० अंशांवरून ३५ अंशांपर्यंत निवेपर्यंत जेवढी उष्णता देतं, ती सोळा आणे धरू. मग बाकीच्यांचा हिशेब साधारण असा येतो.

- एक लिटर गरम पाणी : सोळा आणे
- तव्यावर १०० अंशांपर्यंत तापवलेली एक किलो वाळू : आठ आणे
- दीडशे ग्रॅमचा, बटण दाबून गरम होणारा जेल पॅड : सहा आणे
- ५,००० एमएएच बॅटरीचा चार्जिंगचा वॉर्मर : दहा आणे
- २५ मिली इंधनाची प्लॅटिनम डबी : सात रुपयांच्या आसपास, पण ती हळूहळू, जवळपास दिवसभरात मिळते

याचा अर्थ साधा आहे. वजनाला वजन धरलं तर पाण्याइतकी उष्णता साठवणारी स्वस्त वस्तू दुसरी नाही. एका अंशाला पाणी वाळूच्या पाचपट उष्णता धरतं. इंधनाची डबी सगळ्यात ताकदवान आहे, पण तिची जोखीमही सगळ्यात जास्त आहे.

१) गरम पाण्याची बाटली किंवा रबरी पिशवी

सास्तूर परिसरात दोन-तीन तासांच्या दाऱ्यासाठी हेच साधन सगळ्यात सोयीचं आहे. खर्च नाही, इंधन नाही, आणि रानातल्या खोपीत चूल असेल तर पुन्हा भरताही येतं.

भरण्याची रीत :

- पाणी निम्मं उकळतं आणि निम्मं माठातलं घ्यावं. त्याचं तापमान साधारण ६० अंशांच्या आसपास येतं. थेट उकळतं पाणी रबरी पिशवीत भरू नये. रबर लवकर खराब होतं आणि पिशवी फुटली तर मोठं भाजतं.
- रबरी पिशवी दोन तृतीयांशच भरावी. आडवी धरून आतली हवा काढावी, मग झाकण घट्ट करावं. उलटी करून थेंब गळतो का ते पाहावं.
- बाटली वापरायची तर एकेरी पत्र्याची स्टीलची घ्यावी. थर्मास घेऊ नये. थर्मास उष्णता आतच कोंडून ठेवतो, त्यामुळे तो हातात धरून ऊब मिळत नाही.
- थंड पेयाच्या किंवा विकतच्या पाण्याच्या पातळ प्लास्टिक बाटलीत कढत पाणी भरू नये. ती आकसते, वाकडी होते आणि झाकणातून गळते.
- बाटलीवर जुना लोकरीचा मोजा किंवा दोन पदरी फडकं चढवावं. उघडी बाटली अंगाला लावू नये.

बाटली स्वेटरच्या आत, पोटाशी किंवा छातीशी धरावी आणि मधूनमधून दोन्ही हात तिच्यावर ठेवावेत. नीट गुंडाळलेली लिटरभराची बाटली दोन ते तीन तास ऊब देते.

रात्रभराचं पाणी असेल तर एक युक्ती करता येते. घरून निघताना स्टीलच्या थर्मासमध्ये लिटरभर उकळतं पाणी सोबत न्यावं. मध्यरात्रीनंतर बाटलीतलं निवलेलं पाणी निम्मं ओतून द्यावं आणि तेवढंच थर्मासमधलं भरावं. चूल न पेटवता बाटली पुन्हा तापते. थर्मासमध्ये उरलेल्या पाण्यातून तिसरा फेराही निघतो, पण तो थोडा कोमट असतो.

२) वाळू, मीठ किंवा धान्याची पुरचुंडी

जाड सुती कापडाची मुठीएवढी पिशवी शिवावी. तीत धुऊन वाळवलेली बारीक वाळू किंवा खडे मीठ भरता येतं. वाळू आधी तव्यावर तापवावी आणि मग पिशवीत भरावी. भरलेली पिशवी थेट तव्यावर ठेवली तर कापड करपतं, कधी पेटतंही.

भरल्यावर पिशवी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. चटका बसला तर आणखी एक फडकं गुंडाळावं. ही ऊब अर्धा-पाऊण तास टिकते. पहाटे दूध घालायला जाणाऱ्याला किंवा एसटीच्या थांब्यावर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला एवढी पुरते.

३) बटण दाबून गरम होणारा जेल पॅड

पारदर्शक प्लास्टिकची छोटी पिशवी, आत पाण्यासारखा द्रव आणि एक धातूची टिकली, असं हे साधन असतं. टिकली टचकन दाबली की आतला द्रव बघता बघता पांढरा, घट्ट होतो आणि पिशवी गरम होते.

आत सोडियम ॲसिटेट नावाचं मीठ पाण्यासोबत असतं. ते ५८ अंशांना वितळतं. पूर्ण वितळल्यावर हळूहळू निवलं तरी ते द्रवच राहतं. टिकली दाबली की पहिला कण गोठतो, मग सगळंच गोठतं आणि वितळताना घेतलेली उष्णता परत बाहेर येते.

पुन्हा भरायचं म्हणजे पुन्हा वितळवायचं. पातेल्याच्या तळाशी जुनं फडकं घालावं, पाणी उकळावं आणि पॅड त्यात आठ-दहा मिनिटं ठेवावा. आत एकही पांढरा कण उरता कामा नये. एक जरी राहिला तरी निवताना तो सगळा द्रव पुन्हा गोठवतो आणि मेहनत वाया जाते. पूर्ण निवल्यावर पॅड दिवसेंदिवस तसाच ठेवता येतो, हवा तेव्हा दाबता येतो.

अर्धा तास ते तासभर ऊब मिळते. आग नाही, धूर नाही, शिवाय तो ५८ अंशांच्या वर जात नाही. म्हणून खिशात ठेवायला हे साधन त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. मात्र उघड्या कातडीला तोही बराच वेळ लावू नये. पिशवी फुटली तर ती चिकटपट्टी लावून वापरू नये, टाकून द्यावी.

४) चार्जिंगचे वॉर्मर आणि प्लगवर तापणारी पिशवी

ही दोन वेगळी साधनं आहेत, पण लोक त्यांची गल्लत करतात.

पहिलं म्हणजे मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होणारा वॉर्मर. आत पॉवर बँकेसारखी लिथियम बॅटरी असते. काही तास ऊब देतो, काहींवर मोबाईलही चार्ज होतो. घेताना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी पाहावी. फुगलेला, पडून चेपलेला किंवा पाण्यात भिजलेला वॉर्मर पुन्हा चार्ज करू नये. दाऱ्यावर जाताना तो वरच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. उशीखाली किंवा पांघरुणात ठेवून झोपू नये.

दुसरं म्हणजे प्लग लावून पाच-दहा मिनिटांत तापणारी, आत द्रव असलेली पिशवी. आठवडी बाजारात ती स्वस्तात मिळते. तिच्या आतल्या द्रवातून वीज जाते आणि तो तापतो. म्हणून तिचे नियम कडक आहेत :

- प्लग लावलेला असताना पिशवी कधीच अंगाला लावू नये, मांडीवर घेऊ नये.
- पिशवी सपाट ठेवून, जवळ उभं राहूनच तापवावी. फुगू लागली तर आधी बोर्डाचं बटण बंद करावं.
- वायर पूर्ण काढल्यावरच हातात घ्यावी.
- ओल्या हाताने प्लग लावू नये. गळती दिसली तर पिशवी फेकून द्यावी.
- लहान मुलांकडून ती तापवून घेऊ नये.

५) इंधनाची प्लॅटिनम डबी

ऑनलाइन मिळणारी ही धातूची डबी दिसायला लायटरसारखी असते. आत कापूस असतो. त्यात लायटरमध्ये वापरतात तसं शुद्ध, हलकं इंधन मुरवतात. वरच्या जाळीत प्लॅटिनम असतं. ती जाळी काही सेकंद ज्योतीवर तापवली की पुढे इंधनाची वाफ ज्वालेविना जळत राहते. डबी कापडी पिशवीत घालून खिशात ठेवतात. एकदा भरली की आकारानुसार बारा ते चोवीस तास चालते. बर्फाळ भागात हिंडणारे गिर्यारोहक आणि मासे धरणारे लोक ती वापरतात.

आपल्याकडे तिची अडचण इंधनाची आहे. योग्य इंधन तालुक्याच्या गावी सहजासहजी मिळत नाही. मग गाडीतलं पेट्रोल काढून भरायचा मोह होतो. तो टाळावा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इतर घटक मिसळलेले असतात. त्यांनी जाळी निकामी होते, उग्र वास येतो आणि त्यातलं बेंझीन आरोग्याला घातक असतं. रॉकेल किंवा डिझेल तर यात चालतच नाही.

भरण्याचे नियम :

- डबी पूर्ण गार झाल्यावर, उघड्यावर, चूल-बिडी-शेकोटीपासून लांब भरावी.
- कापूस भिजेल एवढंच इंधन घालावं. डबी उलटी केल्यावर थेंब पडला तर जास्त झालं असं समजावं. सांडलेलं पुसून, हात धुऊन, वाफ उडाल्यावरच जाळी बसवावी.
- कपड्यावर इंधन सांडलं तर आधी कपडा बदलावा, मगच काडी ओढावी.
- डबीला जळण्यासाठी हवा लागते. बंद खोलीत, गाडीच्या बंद काचांत किंवा पांघरुणाच्या आत ती वापरू नये.
- मुलांच्या हाती ही डबी किंवा इंधनाची बाटली लागू देऊ नये.

खिशात टाकायच्या, एकदा वापरून फेकायच्या पुड्याही मिळतात. त्यात लोखंडाची भुकटी, मीठ, कोळसा आणि ओलावा असतो. हवा लागली की लोखंड गंजायला लागतं आणि त्यातून ऊब येते. त्या पुन्हा भरता येत नाहीत, त्यामुळे रोजच्या वापराला महाग पडतात.

शेगडी घरात नेली तर जीव जाऊ शकतो

रानातून गारठून आल्यावर निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेलं खोलीत नेऊन, दार-खिडकी लावून झोपणं हा हिवाळ्यातला सगळ्यात मोठा धोका आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड वायू निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपेतच डोकं जड होतं, शुद्ध हरपते आणि माणूस उठत नाही.

जुन्या माळवदाच्या घरात धूर जायला छताला झरोका असायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूरसह या भागातली दगडमातीची घरं पडली आणि पुढे सिमेंटची घरं उभी राहिली. ही घरं भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित झाली, पण दार-खिडकी लावली की खोलीत हवा खेळत नाही. जुन्या घरातली शेगडीची सवय या खोल्यांत चालत नाही. ऊसतोड मजुरांच्या ताडपत्रीच्या खोपीलाही हेच लागू आहे. ताडपत्री चारी बाजूंनी दाबून आत विस्तव ठेवणं म्हणजे कोंडलेल्या खोलीत झोपण्यासारखंच आहे.

विस्तव बाहेर, ऊब आत, एवढं लक्षात ठेवावं. बाहेरच्या चुलीवर पाणी तापवावं आणि बाटली भरून पांघरुणात घ्यावी. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर असं घरात एकापेक्षा जास्त जणांना एकदम वाटलं तर लगेच सगळ्यांना मोकळ्या हवेत आणावं आणि १०८ ला फोन करावा.

न जाणवता भाजतं, ते कसं?

भाजायला जाळच लागतो असं नाही. ६० अंशांची वस्तू कातडीला पाच सेकंद लागली तरी खोल भाजतं. ४४ अंश म्हणजे नुसतं छान ऊबदार वाटतं, पण तीच वस्तू सहा तास एका जागी राहिली तर तिथेही भाजतं. म्हणून बाटली घेऊन झोपताना ती पायाशी, कापडात गुंडाळून, अंगापासून थोडी दूर ठेवावी. रबरी पिशवी मात्र झोपण्याआधी पांघरूण गरम करून काढून घ्यावी.

या लोकांनी जास्त जपावं :

- मधुमेही : बऱ्याच जुन्या मधुमेहात तळपायाची आणि बोटांची जाणीव कमी होते. चटका कळत नाही आणि जखम चिघळते. अशांनी पायाला थेट शेक देऊ नये. पाणी किंवा बाटली किती गरम आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसाने कोपराने तपासावं.
- कुष्ठरोगामुळे किंवा अर्धांगवायूमुळे बधिरता असलेले लोक : यांनाही तोच नियम.
- म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं : यांची कातडी पातळ असते. तान्ह्या बाळाला गरम पिशवी लावण्यापेक्षा आईच्या अंगाशी धरणं सगळ्यात सुरक्षित.
- दारू प्यालेले : दारूने ऊब येते हा गैरसमज आहे. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटतं, पण अंगातली उष्णता उलट वेगाने बाहेर जाते. शिवाय चटका किंवा थंडी यांचं भानही राहत नाही.

भाजलंच तर त्या जागी वीसेक मिनिटं साधं नळाचं पाणी सोडावं. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापड सैल झाकून दवाखाना गाठावा. या भागातल्या लोकांना सास्तूरचं स्पर्श ग्रामीण रुग्णालय जवळचं आहे.

कोणी रानात गारठून गेलं तर

शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की धोका सुरू होतो. आधी जोराची हुडहुडी भरते. मग बोलणं अडखळतं, चाल लटपटते, माणूस भलतंच बोलू लागतो. थरथर थांबली आणि तरी माणूस गारच असला, तर तो बरा झाला असं समजू नये. ते जास्त वाईट लक्षण आहे.

अशा वेळी ओले कपडे काढून कोरड्या घोंगडीत गुंडाळावं, डोकं झाकावं. कापडात गुंडाळलेल्या गरम बाटल्या छातीशी आणि काखेत ठेवाव्यात, हातापायाला नकोत. पूर्ण शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा किंवा दूध घोटघोट द्यावं. हातपाय जोरात चोळू नयेत, थेट जाळाजवळ बसवू नये आणि १०८ ला फोन करावा.

स्टार्टरला हात लावण्याआधी

- आधी हात कोरडे करावेत, मग बाटलीवर दोन-तीन मिनिटं शेकावेत. बोटं नीट मिटतात-उघडतात का ते पाहून मगच पेटी उघडावी.
- ओले लोकरीचे मोजे घालून स्टार्टरला हात लावू नये. ओली लोकर वीज अडवत नाही. कोरडी लाकडी फळी किंवा रबरी चटई पायाखाली घ्यावी.
- फ्यूज गेला, डीपीवर ठिणगी पडली तर रात्री स्वतः हात घालू नये. गार हाताने तर अजिबात नाही. महावितरणच्या माणसाला कळवावं.
- मोटारसायकलवर जाताना हातमोज्यात गरम पॅड कोंबू नये. ब्रेक आणि क्लच धरताना बोट अडतं. पॅड छातीच्या खिशात ठेवावा. जाकिटाच्या आत वर्तमानपत्राचा कागद घातला तरी वारा अडतो.
- शेकोटी केली तर ती गंजीपासून आणि उसाच्या वाळल्या पाचटापासून लांब करावी. निघताना पाणी ओतून पूर्ण विझवावी.

कोणाला काय घेणं बरं?

दोन-तीन तासांच्या दाऱ्यासाठी स्टीलची बाटली पुरेशी आहे. रात्रभराच्या पाण्यासाठी बाटलीला थर्मासची जोड द्यावी. पहाटे दूध घालायला किंवा एसटीला जाणाऱ्यांसाठी जेल पॅड किंवा मिठाची पुरचुंडी बरी. ऊसतोडीच्या फडावर चूल असतेच, तिथे बाटली पुन्हा पुन्हा भरता येते. चार्जिंगचा वॉर्मर ज्याला परवडतो आणि जो कोरडा ठेवू शकतो, त्याने घ्यावा. इंधनाची डबी योग्य इंधन हाताशी असल्याशिवाय घेऊ नये.

रात्रीच्या थंडीवरचा खरा उपाय म्हणजे दिवसा वीज. त्यासाठीच राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. कृषी वाहिन्या सौरऊर्जेवर नेऊन शेतकऱ्यांना दिवसा वीज देणं हा तिचा हेतू आहे. आपल्या फिडरचं काय झालं, याची चौकशी गावाने महावितरणच्या कार्यालयात आणि ग्रामसभेत करत राहावी. तोवर रात्रपाळीच्या आठवड्यात घरातून निघताना बॅटरी, काठी, गमबूट आणि कानटोपीसोबत फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटलीही घ्यावी. एकट्याने जाण्यापेक्षा शेजारच्या रानातल्या माणसासोबत जावं आणि परत यायची वेळ घरी सांगून ठेवावी.